गांधीनगरातली एक पाटी आणि 'ब'खालची रेघ

माझा धंदा बोर्ड करायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉप आहे. वडील ब्रशनं रंगवायचे, त्यांना अख्खी पेठ पेंटर म्हणूनच ओळखायची, मी आता एसीपी म्हणजे अॅल्युमिनियमची शीट, अॅक्रिलिकची अक्षरं आणि एलईडीवर आलोय. दोन वर्षांपूर्वीचं एक काम डोक्यातनं जात नाही म्हणून ते सगळं नीट लिहून ठेवतोय. दुकानाचं नाव सांगणार नाही कारण घरातल्या गोष्टी आहेत, फक्त एवढं लक्षात ठेवा की नावाचं पहिलं अक्षर 'ब' आहे, निदान आपण सगळे ते 'ब' म्हणूनच वाचत होतो.

ऑक्टोबर २०२३. सुप्रीम कोर्टानं २५ सप्टेंबरला व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिलेली, म्हणजे २५ नोव्हेंबरच्या आत मराठी पाट्या लावा. कायदा आधीचाच होता. २०१७ च्या दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानंही त्यात आली. नाव मराठीत, देवनागरीत पाहिजे, मराठी आधी पाहिजे आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा बारीक नकोत. त्याविरुद्ध व्यापारी कोर्टात गेले, मुंबई हायकोर्टात हरले, मग दिल्लीला गेले आणि तिथनं ही मुदत आली. त्यामुळं दसऱ्याच्या आधीपासून आमच्याकडं नुसती रांग, रात्री बारापर्यंत अक्षरं कापायचं मशीन, म्हणजे राउटर, चालू. त्यातच गांधीनगरच्या एका होलसेल कापडवाल्याच्या पोराचा फोन आला. पोरगा म्हणजे तिशीतला, आजोबांनी टाकलेलं दुकान आता तोच बघतो.

गांधीनगर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोल्हापूरपासनं जवळच, तावडे हॉटेलकडनं आत गेलं की कापडाचा मोठा बाजार लागतो. कोकण, गोवा, बेळगाव, निपाणी, सांगली सगळीकडचे दुकानदार इथनं माल भरतात. जागा मूळ वळिवडे गावची. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पोलंडमधली माणसं सायबेरियात नेऊन टाकलेली, त्यातली सुटलेली इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ मध्ये त्यांच्यासाठी इथं कॅम्प उभा राहिला. पाचेक हजार पोलिश लोक, जास्त करून बायका आणि पोरं. त्यांची शाळा होती, चर्च होतं. युद्ध संपल्यावर ते हळूहळू गेले आणि फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले. कल्याणच्या लष्करी कॅम्पाचं उल्हासनगर झालं तसं वळिवड्याच्या कॅम्पाचं गांधीनगर झालं. म्हणजे एकाच बराकीत पाच-सहा वर्षांत घर सुटलेल्या दोन वेगवेगळ्या लोकांनी चूल मांडली. पोलिश लोक ते विसरले नाहीत, वॉर्साला कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले. आपल्यातल्या किती जणांना वळिवड्याचं हे माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

तर पोराचा फोन. "दादा, मराठी बोर्ड पायजे, अर्जंट, मजकूर व्हॉट्सअॅपवर टाकतो." टाकला. वरती नाव आणि खाली 'होलसेल कपडे के व्यापारी'.

मी फोन लावला. म्हणलं, भावा, हे हिंदी आहे. तो म्हणाला, "दादा, देवनागरीच हाय की." ही चूक त्याची एकट्याची नाही, त्या महिन्यात माझ्याकडं आलेल्या निम्म्या मजकुरांत हेच होतं आणि मराठी मालकांच्या मजकुरातसुद्धा होतं. लिपी एक म्हणजे भाषा एक असं लोकांना वाटतं. हा पोरगा माझ्याशी अस्सल कोल्हापुरीत बोलतो, रंकाळ्यावर मोठा झालेल्या पोरासारखा, पण लिहायची वेळ आली की हात हिंदीकडं किंवा इंग्रजीकडं जातो, कारण मराठी त्याच्यासाठी बोलायची भाषा आहे, दुकानाच्या दारावर लिहायची आहे असं त्याला कुणी कधी दाखवलंच नाही. इंग्रजी मिडियमची शाळा, बिलं इंग्रजीत, सुरतच्या व्यापाऱ्यांशी हिंदी, घरी सिंधी आणि गिऱ्हाईकाशी मराठी. चार भाषा आणि बोर्डावर एकच, इंग्रजी.

मी सुचवलं 'कापडाचे घाऊक व्यापारी'. त्यावर तो म्हणाला घाऊक कोण म्हणतंय दादा, एस्टी स्टँडवर रिक्षावाल्याला विचारा, होलसेलच म्हणतोय. बरोबर होतं त्याचं. मी हट्ट सोडला आणि 'कापडाचे होलसेल व्यापारी' ठरलं. माझ्या मते ही मराठीच आहे, शंभर टक्के. 'कपडे के' मधल्या 'के'नं भाषा बदलते, 'होलसेल'नं नाही. मराठीपणा शब्द कुठनं आला यावर ठरत नाही, वाक्य कोण चालवतंय त्यावर ठरतो असं मला या धंद्यात कळलंय.

मग पत्ता. त्यात 'वलिवडे' लिहिलेलं. मी म्हणलं, ळ घाल. सिंधीत ळ नाही, हिंदीतही नाही, त्यामुळं तो बोलताना ळ व्यवस्थित काढतो तरी लिहिताना ल होतो. आणि फाँटपण मी मराठी वळणाचाच घेतो, पाकळीचा ल आणि देठाचा श, शासनाच्या २०२२ च्या जीआरमध्येही तेच वळण सांगितलंय. पुष्कळ बोर्डवाले हिंदी वळणाचा फाँट तसाच ठोकून देतात, मला ते बघवत नाही. वडिलांनी मला पहिली अक्षरं शिकवली तीच ल आणि श. त्यामुळं पोराला मी दहा मिनिटं ळ वर लेक्चर दिलं, की बाबा हे अक्षर म्हणजे आमचा जीव आहे, ते ल केलं की कोल्हापूरकराला काळजात खुपतं. तो निमूट ऐकून घेत होता. हे लेक्चर मला पुढं आठवणार होतं.

मापं घ्यायला गेलो. दर्शनी भाग बारा फूट बाय तीन फूट, वर जुना इंग्रजी बोर्ड, त्याच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात केलेला. तो उतरवताना माळ्यावर जागा करायला पोरांनी जुनं सामान बाहेर काढलं आणि त्यात एक पत्र्याची पाटी निघाली. गंजलेली, दोन कोपरे खाल्लेले, पण अक्षरं शाबूत. आजोबांची पहिली पाटी, पन्नासच्या दशकातली. वर उजवीकडनं डावीकडं सिंधी, अरबी लिपीत, आणि खाली इंग्रजी.

मी ती पाटी अर्धा तास बघत बसलो. इंग्रजी अक्षरं इतक्या सफाईदार हाताची की कोल्हापूरचा मुरलेला पेंटर लगेच ओळखू यावा, एका झटक्यात ओढलेला स्ट्रोक, कुठं दुरुस्ती नाही. आणि सिंधी ओळ मात्र जपून जपून काढलेली, जिथं हात वळायला पाहिजे तिथं थांबलाय, रंग दोनदा लागलाय. म्हणजे ज्यानं ही पाटी रंगवली त्याला ती लिपी येत नव्हती, कुणीतरी कागदावर लिहून दिलेलं त्यानं बघून चित्रासारखं उतरवलं. माझ्या वडिलांच्या आधीच्या पिढीतला कुणी मराठी पेंटर असणार. बाबूराव पेंटरांच्या गावात अशी माणसं गल्लोगल्ली होती. त्याला न येणाऱ्या भाषेतलं नाव त्यानं एक टिंबही न चुकवता काढलं होतं. ते टिंब महत्त्वाचं, सांगतो.

पोराला पाटी वाचता येईना. त्याच्या वडिलांनाही नाही. आजीला बोलवलं, तिला घरात सगळे अम्मा म्हणतात, वय चौऱ्याऐंशी, सिंधमधनं आली तेव्हा आठ वर्षांची होती. अम्मांनी चष्मा पुसला, पाटीवरनं बोट उजवीकडनं डावीकडं फिरवलं आणि नाव वाचलं. आणि ते नाव आम्ही म्हणत होतो ते नव्हतं.

म्हणजे होतं तेच, पण पहिलं अक्षर वेगळं. आपला ब म्हणताना हवा बाहेर येते. त्यांनी काढलेला आवाज आत ओढल्यासारखा होता, ओठ मिटून, घसा जरासा खाली जाऊन. मी दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही, अम्मा हसल्या आणि परत म्हणून दाखवलं. सिंधीत असे चार आवाज आहेत, आपल्या ग, ज, ड, ब च्या जवळचे पण आत ओढलेले. अरबी-सिंधी लिपीत बावन्न अक्षरं आहेत, १८५३ मध्ये इंग्रजांनी ती ठरवून दिली, त्यात या आवाजांना स्वतंत्र अक्षरं आहेत. साध्या ब ला खाली एक टिंब असतं आणि या ब ला दोन, एकाखाली एक. त्या अनोळखी पेंटरनं ती दोन टिंबं बरोब्बर दिली होती.

आता बघा काय झालं. पहिल्या पाटीवर तो आवाज होता. ऐंशीच्या दशकात वडिलांनी सिंधी काढून फक्त इंग्रजी ठेवलं, कारण त्यांच्या मते सिंधी वाचणारं गिऱ्हाईक राहिलं नव्हतं आणि माल मिलांकडनं यायचा, सगळा व्यवहार इंग्रजीत. इंग्रजीत दोन्ही ब ना एकच अक्षर. नातू त्या इंग्रजीवरनं आपल्याच घराण्याचं नाव वाचायला शिकला. आणि मी त्या इंग्रजीवरनं देवनागरीत 'ब' लिहिणार होतो. कुणी जबरदस्ती केली नाही, कायदा नव्हता, मोर्चा नव्हता, दगड नव्हता, तरी चाळीस वर्षांत घराच्या नावातला एक आवाज घरातनंच निघून गेला.

अम्मांनी तेव्हा पहिल्यांदा मागणी केली. पाटीवर सिंधी पाहिजे, यांच्या आजोबांनी लिहिली तशी.

इथं घरात वाद झाला, माझ्यासमोरच. वडील नको म्हणाले, कुणाला वाचता येत नाही. पोरगा वेगळ्याच कारणानं अडला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, लोकांना ती उर्दू वाटंल, आजकाल वातावरण कसं हाय तुम्हाला म्हाईत हाय." मला उत्तर देता आलं नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात जी धार्मिक दंगल झाली ती आम्ही सगळ्यांनी बघितली होती, तीन-चार महिनेच झालेले. जे कुटुंब धर्मामुळं सिंध सोडून आलं त्याला आपल्याच आजोबांची लिपी दारावर लावायची भीती वाटावी, यापेक्षा दुःखाची गोष्ट मला त्या कामात दुसरी दिसली नाही. भीती खोटी होती असंही मी म्हणू शकत नाही. मी त्याला आग्रह केला नाही, दुकान त्याचं, काच फुटली तर त्याची फुटणार.

यावर नंतर मी थोडं वाचलं. स्पोल्स्की आणि कूपर या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये जेरुसलेमच्या पाट्यांवर अभ्यास करून तीन गोष्टी मांडल्या. माणूस पाटी लिहितो ती आपल्याला येणाऱ्या भाषेत, किंवा वाचणाऱ्याला येईल असं वाटतं त्या भाषेत, किंवा आपल्याला ज्या भाषेचं म्हणून ओळखलं जावंसं वाटतं त्या भाषेत. या दुकानाला लावून बघितलं तर तिन्ही पाट्या समोर येतात. आजोबांनी येत होती ती लिहिली, वडिलांनी व्यवहारात चालेल ती लिहिली, आणि नातवासमोर तिसरा प्रश्न आला की मी कोण म्हणून दिसू. मात्र त्यात एक चौथी गोष्ट मला दिसते, ती म्हणजे कोणत्या भाषेचं म्हणून ओळखलं जायची भीती वाटते. ती पाटीवर कधीच दिसत नाही, कारण ती भाषा लिहिलीच जात नाही. कॅनडातल्या रिचमंडमध्ये चिनी पाट्यांवरनं कितीतरी वर्षं वाद चाललाय, क्विबेकमध्ये १९७७ पासून फ्रेंचसाठी कायदा आहे आणि अजून तो बदलतच असतो. तिथं सगळे पाटीवर काय आहे ते मोजतात. गांधीनगरला मला काय नाही ते बघायची वेळ आली.

तोडगा अम्मांच्याच एका बोलण्यातनं निघाला. त्या म्हणाल्या, लिपी नसली तरी चालेल, नाव तरी नीट घ्या. सिंधी भारतात दोन्ही लिपींत चालते, अरबी आणि देवनागरी, १९६७ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. आणि देवनागरीत त्या चार आवाजांसाठी अक्षरं आहेत, खाली आडवी रेघ दिलेली, ॻ ॼ ॾ ॿ. त्यांचा 'ॿोली' हा शब्द म्हणजे आपलीच बोली, फक्त तो ब आत ओढायचा. मला हे माहीत नव्हतं, चाळीस वर्षं देवनागरी अक्षरांवर जेवतोय आणि माहीत नव्हतं. युनिकोडमध्ये ही अक्षरं आहेत, पण मी वापरतो त्या डिस्प्ले फाँटमध्ये ती नव्हती, टाइप केलं की चौकोन यायचा. मग कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ब ला कर्व्ह केलं, म्हणजे अक्षराचं चित्र केलं, आणि खाली रेघ हातानं बसवली. आधी रेघ फार जाड झाली, उकाराची वाटायला लागली. मग बारीक केली आणि ब च्या काठीपासून थोडं अंतर ठेवलं. पाच वेळा प्रिंट काढून लांबनं बघितलं. माझे वडील असते तर एका ब्रशात झालं असतं.

पण मी घुटमळलो, हे कबूल करतो. कायद्यात मराठी पाहिजे, आणि ॿ हे अक्षर मराठी वर्णमालेत नाही. कुणी आक्षेप घेतला तर? मग मला माझंच ळ वरचं लेक्चर आठवलं. मी त्या पोराला सांगितलं होतं की एक अक्षर बदललं की आमच्या काळजात खुपतं, आणि तोच न्याय मी त्याच्या आजीच्या अक्षराला लावायला कचरत होतो. नाव हे विशेषनाम आहे, ते ज्याचं आहे तो म्हणेल तसं लिहायचं, बाकी वाक्य मराठी आहे. मी ठरवलं की कुणी विचारलं तर मी उत्तर द्यायला जाईन.

शेवटी बोर्ड असा झाला. वर मोठ्या अक्षरात देवनागरीत नाव, ब खाली रेघेसकट. त्याखाली 'कापडाचे होलसेल व्यापारी'. मग इंग्रजी नाव, मराठीपेक्षा लहान. तळाला पत्ता, ळ सकट. जुनी पत्र्याची पाटी आत गल्ल्याच्या मागं, सिंधी लोकांचं दैवत झुलेलाल, त्याच्या फोटोशेजारी, मी फक्त गंज खरवडून लॅकर मारून दिला, रंगाला हात लावला नाही. बाहेर न लावता आत लावली याचं मला पूर्ण समाधान नाही, आजही नाही. पण अम्मांना ती गादीवरनं दिसते.

नोव्हेंबरात बोर्ड चढला. तपासणीला कुणी आलं तर काय याची धाकधूक होती, कुणी आक्षेप घेतला नाही. गिऱ्हाईकं मात्र विचारायला लागली, ती रेघ कसली ओ, प्रिंटिंग मिस्टेक झाली काय. आणि पोरगा सांगायला लागला. पहिल्यांदा लाजत, मग रंगून. वळिवड्याचा कॅम्प, आजोबा, दोन टिंबं, सगळं. मी एकदा पुढचं बिल घ्यायला गेलो होतो तेव्हा निपाणीचा एक मराठी दुकानदार माल बघत बसलेला, २०२४ चा मार्च असेल. कर्नाटकानं नुकताच पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा नियम कायद्यात आणला होता आणि तो त्यावरनं वैतागलेला. म्हणत होता, आमच्या बापजाद्यांच्या दुकानावर आमची मराठी खाली ढकलायची, बारीक करायची. त्याच्या आवाजात राग कमी आणि दुखणं जास्त होतं. बोलता बोलता त्याचं लक्ष बोर्डाच्या फोटोकडं गेलं, कॅलेंडरवर छापलेला होता, आणि त्यानं रेघेचं विचारलं. पोरानं सांगितलं. तो माणूस जरा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं तो ब म्हणायचा प्रयत्न केला, दोन-तीनदा. जमला नाही. "परत म्हणा बघू," म्हणाला.

मराठी पाटीच्या कायद्याबद्दल मला कुणी विचारलं तर मी त्याच्या बाजूनं आहे, मनापासून. हा कायदा नसता तर ते इंग्रजी तसंच राहिलं असतं, जुना बोर्ड उतरला नसता, माळा उपसला नसता, आणि तो आवाज अम्मांबरोबर गेला असता. मराठीनं जागा मागितली म्हणून सिंधीला ती सापडली. पण आपली मराठी दुकानं? राजारामपुरीत एकदा फिरून या आणि मराठी आडनावाच्या मालकांनी आपलं स्वतःचं नाव कोणत्या लिपीत मोठं लिहिलंय ते बघा. माझ्याकडं मुदतीत आलेल्या मराठी मालकांपैकी कितीतरी जण म्हणाले, मराठी फक्त नियमापुरती ठेवा, लूक इंग्रजीचा पाहिजे. एकानं तर त्याच्या आडनावातला ळ इंग्रजीवरनं ल करून पाठवला होता, आणि मी विचारलं तर म्हणाला चालतंय की. गांधीनगरच्या घरात ऐंशीच्या दशकात जे झालं ते मला आमच्याच पेठेत होताना दिसतंय, आणि माझ्या वर्कशॉपमधनं होतंय, माझ्या राउटरवर. आता मी प्रत्येक मराठी गिऱ्हाईकाला एकदा तरी विचारतो, नाव तुम्ही घरी कसं म्हणता ते म्हणून दाखवा. काही वैतागतात. काही म्हणतात.

गेल्या दिवाळीत पोराचा परत मेसेज आला, गोडाऊनला बोर्ड पाहिजे, सहा बाय दोन. मजकूर मराठीत होता, वळिवडे ळ नं लिहिलेलं, मी काही दुरुस्त करायची गरज नव्हती. नावातला ॿ त्याच्या मोबाइलच्या कीबोर्डवर सापडला नसावा, कारण तेवढं एक अक्षर वेगळ्या जाडीचं दिसत होतं, वर्षापूर्वी मी पाठवलेल्या मेसेजमधनं त्यानं ते कॉपी करून चिकटवलं होतं.